घडी मोडलेली साडीच बरी

वाचकाचं पत्र

"ताई, यंदा दिवाळीला आम्ही सगळे साताऱ्याजवळच्या गावच्या घरी जमणार आहोत. सासूबाईंना 75 पूर्ण झाली, म्हणून पाडव्याला सगळ्या घराचा एक मोठा फोटो काढायचं ठरलंय. लहानथोर मिळून 19 माणसं. न्यू जर्सीची नणंद म्हणते, सगळ्यांनी बदामी आणि पांढरं घाला, तिकडे तसंच करतात. धाकटी जाऊ म्हणते, बायकांनी पैठण्या आणि पुरुषांनी एकसारखी जाकिटं. हिशेब केला तर 60 हजारांच्या घरात जातंय. माझी मुलगी 15 वर्षांची, काळ्याशिवाय काही घालत नाही. थोरले दीर जाऊन दोन वर्षं झाली. थोरल्या जाऊबाई म्हणतात, 'तुम्ही उभे राहा, फोटो मी काढते.' सासरे म्हणाले, 'माझं धोतर-टोपी आहे की.' आणि सासूबाई म्हणतात, 'मला काय, द्याल ते नेसेन.' (तशी त्यांची एक वांगी रंगाची जुनी नारायणपेठ आहे, काठाला जरा विरलीय, पण कुठे जायचं म्हटलं की त्या तीच काढतात.) घराचं तोंड पूर्वेला, पुढे ओसरी आणि अंगण. कपड्यांचं ठरवायचं माझ्या गळ्यात पडलंय. काय करू?
— मधली सून, पुणे"

उत्तर

प्रिय मधल्या सूनबाई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. उत्तर तुमच्याच पत्रात आहे, फक्त तुम्ही ते कंसात टाकलंय. वांगी रंगाची नारायणपेठ. फोटो ज्यांच्यासाठी काढायचा, त्यांना सगळ्यांत आवडणारी साडी ठरलेली आहे. आता बाकीच्या 18 जणांचे कपडे तिच्याकडे बघून ठरवायचे.

हे मी इतक्या ठामपणे का सांगते, तेही सांगते. माझ्या वडिलांच्या सहस्रचंद्रदर्शनाला कपड्यांचं काम माझ्यावर होतं. आम्ही तिघी बहिणींनी एकाच दुकानातून एकाच काठाच्या साड्या घेतल्या, आणि आईसाठी त्याच काठाची, जरा उंची, नवी कोरी. समारंभात तिची घडी मोडली. साडी इतकी कडक की निऱ्या बसेनात, पदर खांद्यावरून फुगून वर यायचा. भिंतीवर जो फोटो आहे त्यात आई पदर दाबून धरून खाली बघतेय. डाव्या हाताची बोटं काठावर आवळलेली स्पष्ट दिसतात. आई गेल्यावर आम्ही बहिणींनी तिच्या साड्या वाटून घेतल्या. मऊ पडलेल्या, तिच्या अंगाला सरावलेल्या साड्यांसाठी डोळ्यांत पाणी आणून एकमेकींना 'तू घे, तू घे' केलं. ती उंची साडी मात्र तिघींपैकी कुणालाच नको होती, कारण तिच्यात आई नव्हती. आणि फोटोत तीच आहे. ही चूक माझी होती, आणि तुमच्याकडून ती होऊ नये म्हणून हे सगळं लिहिते आहे.

म्हणून माझी पहिली आणि सगळ्यांत महत्त्वाची सूचना: फोटोसाठी कुणीही नव्या कपड्याची घडी मोडायची नाही. दिवाळीत नवे कपडे नकोत का, असं घरात विचारतील. हवेत ना. पहिल्या आंघोळीला घाला, लक्ष्मीपूजनाला घाला, पाडव्याच्या सकाळी औक्षणाला घाला. दुपारी फोटोच्या वेळी मात्र प्रत्येकाने आधी निदान दोन-चारदा घातलेलं, अंगाला बसलेलं काहीतरी घालावं. सरावलेल्या कपड्यात माणूस सहज उभं राहतं, हात कुठे ठेवू असं त्याला होत नाही. 60 हजारांचा प्रश्नही तिथेच सुटतो.

आता त्या साडीचं. गावी जाऊन ट्रंक उघडायची वाट बघू नका. घरून कुणी पुण्याला येणार असेल त्याच्याबरोबर ती आत्ताच मागवून घ्या. काठ विरलाय म्हणता, तर चांगल्या रफूवाल्याला दाखवा. जुनी रेशमी साडी बहुतेक घडीच्या रेषेवरच विरते, वर्षानुवर्षं त्याच घडीत ठेवल्याने. दुरुस्त होऊन आली की घडी बदलून घाला आणि मलमलच्या फडक्यात गुंडाळा. फॉल जुना आणि आखडलेला असेल तर काढून नवा लावून घ्या, नाहीतर खालून साडी चुणते आणि ओसरीच्या पायरीवर बसल्यावर ते नेमकं पुढे दिसतं. इस्त्री करताना वर सुती फडकं ठेवा. जरीच्या काठावर अत्तर किंवा सेंट अजिबात उडवायचा नाही, त्याने काठ काळा पडतो. विरलेपणा थोडा दिसला तर दिसू द्या. आणि त्यांना एवढंच सांगा, 'आई, वांगी नारायणपेठच नेसा, आम्ही सगळे तिच्यावरून आमचं ठरवतोय.' 'मला काय' म्हणणाऱ्या बाईला आपल्या साडीवरून घर ठरवतंय हे ऐकून काय वाटेल, ते तुम्हाला फोनवरच कळेल.

रंगांकडे येऊ. एकसारखे कपडे हे काही परदेशातूनच आलेलं खूळ नाही. आमच्या लहानपणी दिवाळीला कापडाचा एक अख्खा तागा घरी यायचा आणि त्यातून सगळ्या भावंडांचे सदरे, फ्रॉक, उरलं तर उशांचे अभ्रेसुद्धा शिवले जायचे. तो काटकसरीचा मार्ग होता आणि त्याची गोडीही होती. पण त्या फोटोंमध्ये आज कोण कुठला हे ओळखायला वेळ लागतो. कापड एकच, त्यामुळे नजर कुठेच थांबत नाही. तुमच्या फोटोत नजर आधी सासूबाईंवर थांबायला हवी. त्यासाठी एकच पथ्य पाळा: वांगी रंग फक्त त्यांचा. बाकी कुणीही वांगी, जांभळा, आमसुली घालायचा नाही.

वांग्याच्या शेजारी काय खुलतं? हळदी, मोतिया, अबोली, शेवाळी, विटकरी, राखाडी. आपल्या भाषेत रंगांना फुलांची, फळांची, धान्यांची नावं आहेत हे अशा वेळी फार उपयोगी पडतं. 'डार्क यलो' म्हटलं तर चार जण चार पिवळे आणतील. 'हळदी' म्हटलं की स्वयंपाकघरातला डबा डोळ्यांसमोर येतो आणि सगळे जवळपास तोच रंग आणतात. कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर हीच नावं टाका. ज्याला जे जवळ असेल त्यातलं घालू द्या, कुणी काय घालायचं ते वाटून देऊ नका. दोन रंग तेवढे बाहेर ठेवा. चकाकता पोपटी आणि भडक राणी. एकट्या एका माणसाने तो घातला तरी सगळा फोटो त्या माणसाचा होतो. शिवाय उजेडात पोपटी रंगाची हिरवी झाक शेजारच्याच्या हनुवटीखाली पडते आणि तो माणूस आजारी दिसतो. भडक लालही सांभाळून. फोनच्या फोटोत तो सपाट होतो, काठाचं विणकाम आणि निऱ्या काहीच उठून दिसत नाहीत. विटकरी किंवा डाळिंबी त्यापेक्षा कितीतरी छान येतात. पुरुषांच्या शर्टांना बारीक चौकडी किंवा बारीक रेघा नकोत, फोटो लहान करून बघितला की त्यावर लहरी उमटतात. साडीची मोठी चौकडी मात्र चालते.

सगळ्यांनी आपापल्या कपड्यांचे फोटो खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात काढून ग्रुपवर टाकावेत. ट्यूबखाली काढले तर हळदीचा लिंबू होतो. ते सगळे एकाखाली एक लावा आणि फोनमध्येच एकदा कृष्णधवल करून बघा. सगळंच एका राखाडी छटेत गेलं तर कुणाला तरी फिकं आणि कुणाला तरी गडद घालायला सांगा. प्रत्यक्षात वेगवेगळे वाटणारे रंग फोटोत एकमेकांत मिसळतात ते याचमुळे. (माझ्या आजीच्या लग्नाच्या फोटोत तिचं कुंकू काळंकुट्ट दिसतं. लहानपणी मला त्याची भीती वाटायची. मोठेपणी कळलं की त्या काळी फोटोसाठी सर्रास वापरात असलेल्या काचेच्या प्लेटांना लाल रंग दिसतच नसे, म्हणून लाल ते काळं उमटायचं.)

नणंदेला नाराज करू नका. तिचं म्हणणं समजून घ्या. तिकडे डिसेंबरात घरोघरी कुटुंबाचा फोटो छापून नातेवाइकांना पाठवतात, त्यात सगळे एका छटेत असतात, आणि तिलाही आपल्या माहेरचा तसा एक फोटो भिंतीवर हवा असणार. वर्षानुवर्षं लांब राहिलेल्या मुलीची ती इच्छा आहे. पण बदामी रंग आपल्या गव्हाळ-सावळ्या कातडीशी इतका जुळतो की चेहरा कुठे संपला आणि कपडा कुठे सुरू झाला ते कळत नाही. मागे लाकडी खांब आणि मातकट भिंत असेल तर आणखीच. तिला मोतिया सुचवा. तिच्या घरची मंडळी मोतिया आणि हळदीत उभी राहिली तर वांग्याच्या बाजूला सुंदर उजेड येईल, आणि तिच्या मनातलाही रंग राहील. मुलांसाठी तिला इथूनच काही शिवून हवं असेल तर मापं आत्ताच मागवा. दिवाळी तोंडावर आली की शिंपी नवं काम हातात घेत नाहीत. आणि शिवून आलेले कपडे मुलांनी फोटोआधी एक-दोन दिवस घालून हिंडू देत.

धाकटीची पैठणी असेल आणि ती तिने चार लग्नांत मिरवलेली असेल, तर नेसू दे की. तिला तिच्यात मोकळं वाटत असणार. फक्त फोटोत फ्लॅश मारायचा नाही, एवढं बघा. फ्लॅशमध्ये जरीचा पदर पांढरा फटक होतो आणि ज्या मोरांसाठी एवढे पैसे दिले ते मोरच दिसत नाहीत. तुमच्याकडे इरकल असेल तर तुम्ही ती काढा. अंग गडद असलं तरी लाल पदरावरच्या पांढऱ्या पट्ट्यांनी चेहऱ्याजवळ उजेड येतो. जाकिटं मात्र नकोत. भाड्याने आणलेली तर नकोतच. बाप्यांना कुडता किंवा साधा शर्ट पुरे. खिशातले फोन, किल्ल्या बाहेर काढायला लावा, आणि पातळ कुडत्यातून बनियन दिसतोय का ते उजेडात उभं करून बघा.

सासऱ्यांचं उत्तर मला फार आवडलं. धोतर-टोपी धुऊन, टोपीला बेताची खळ घालून ठेवा, आणि त्यांना दुसरं काहीही सुचवू नका. फक्त पांढरं उन्हात नको. उन्हात पांढऱ्या टोपीचा नुसता पांढरा ठिपका होतो आणि तिच्याखाली कपाळ काळं पडतं.

त्यावरून वेळ ठरते. घर पूर्वेला तोंड करून आहे, म्हणजे सकाळी ओसरीवर ऊन थेट तोंडावर येणार आणि 19 जण डोळे बारीक करणार. दुपारनंतर घराची सावली अंगणावर पडते आणि समोरच्या आभाळाचा मऊ उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यावर सारखा येतो. दिवाळीच्या दिवसांत तुमच्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. तेव्हा सासूबाई दुपारी पडून उठल्या, चहा झाला, की साडेचार ते सव्वापाच ही वेळ धरा. फटाके त्यानंतर. पोरांच्या बाह्यांना भोकं पडण्याआधी, आणि झुळझुळीत कापडात कुणी फुलबाजीजवळ जाण्याआधी. दोघं म्हातारी ओसरीच्या पायरीवर किंवा खुर्चीत, बाकीचे दोन रांगांत. सगळे अनवाणी. पायऱ्यांवर बसलं की पाय सगळ्यांत पुढे येतात, आणि सतरा तऱ्हेच्या सँडल्यांपेक्षा सासूबाईंची जोडवी फोटोत आलेली बरी. दाराशी पडलेला चपलांचा ढीग आधी हलवा. फोटो काढताना फोन जवळ आणू नका, चार पावलं मागे नेऊन मग थोडं झूम करा, नाहीतर कडेची माणसं रुंद होतात.

मुलीशी काळ्यावरून वाद घालू नका. पंधराव्या वर्षी काळा रंग म्हणजे पुष्कळदा 'माझ्याकडे फार बघू नका' असं म्हणणं असतं. त्या वयात आपलं शरीर आपल्यालाच नवं असतं, आणि असा फोटो लगेच पन्नास जणांच्या फोनवर जातो, ही तिची काळजी अगदी खरी आहे. सणाला काळं नको, असं आजीला वाटत असेल तर तेही खोटं नाही. आपल्याकडे काळ्याला संक्रांतीचा मान आहे, पाडव्याचा नाही. तिला मोकळं विचारा: 'काळ्याच्या शेजारचं काय चालेल?' गडद निळा, गडद शेवाळी, कोळशासारखा राखाडी, यातलं काहीतरी तिच्या कपाटात निघेल. ढगळ कुडता आणि जीन्स असली तरी चालेल. मागच्या रांगेत तिला उंचीप्रमाणे उभं राहू दे, पुढे ओढू नका. आणि फोटो कुणालाही पाठवायच्या आधी तिला दाखवा. तिने एक नापसंत केला तर दुसरा निवडा. तेवढा मान तिला मिळाला तर ती उभी राहील.

सगळ्यांत अवघड गोष्ट तुम्ही एका ओळीत लिहिली आहे, थोरल्या जाऊबाईंची. 'फोटो मी काढते' हे त्या मदत म्हणून म्हणत नाहीयेत, हे तुम्हालाही कळलंय, म्हणून तर त्याच्या लगेच आधी दिरांचं लिहिलंत. नवरा गेलेल्या बाईने शुभकार्यात कडेला उभं राहायचं, फिकं नेसायचं, हे कुणी सांगत नसलं तरी तिच्या अंगात मुरलेलं असतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने 2022 मध्ये ग्रामसभेत ठराव करून विधवा प्रथा बंद केल्या आणि मग सरकारनेही गावोगावच्या पंचायतींना तसं करायला सांगितलं. हे मोठंच झालं. पण तुमच्या ओसरीवर ठराव नाही, माणूस लागेल. ते माणूस म्हणजे सासूबाई. त्यांच्याशी आधी एकटीने बोला. 'थोरली माझ्या शेजारी बसेल' हे वाक्य त्यांच्या तोंडून आलं, की बाकी कुणी काही बोलायचं कारण उरत नाही. मग जाऊबाईंना फोन करा. तोही दिवाळीच्या गर्दीत नको, आत्ताच, निवांत. 'तुम्ही काय नेसाल?' असं विचारा. 'तुम्ही हे नेसा' असं म्हणू नका. एकोणीस जणांसमोर ऐनवेळी त्यांच्या हातात एखादी झगमगीत साडी ठेवणं हा आग्रह नाही, अन्याय आहे. त्या राखाडी किंवा मोतिया म्हणाल्या तर दोन्ही आपल्या यादीत आहेतच. त्यांना कुणी वेगळं काढल्यासारखं दिसणार नाही, आणि मी यादीत ते रंग ठेवले ते काही अंशी त्यांच्यासाठीच. त्यांनी आपण होऊन अबोली म्हटलं तर मला कळवा, मला खूप आनंद होईल. कुंकू, बांगड्या यांवर त्या दिवशी कुणी अवाक्षर काढायचं नाही, लावण्याबद्दलही नाही आणि न लावण्याबद्दलही नाही.

आणि फोटो घरातल्या कुणीच काढायचा नाही. फोन टेकवायला एक साधा स्टँड आणा, दहा सेकंदांचा टायमर लावा, किंवा शेजारच्या घरातल्या एखाद्या पोराला बोलवा. एकोणिसावं माणूस फोनच्या मागे राहिलं तर ही सगळी खटपट फुकट आहे. दहा-पंधरा फोटो सलग काढा. एवढ्या माणसांत कुणी ना कुणी डोळे मिटतंच.

त्यातला एक निवडून कागदावर छापून घ्या, एक गावच्या घराला, एक नणंदेला, एक थोरल्या जाऊबाईंना. मागे तारीख, ठिकाण आणि डावीकडून उजवीकडे सगळ्यांची नावं लिहा. पेन्सिलने, हलक्या हाताने, कारण बॉलपेन दाबलं तर पुढच्या बाजूला उठतं. सासूबाईंच्या नावापुढे साडीचंही लिहा, वांगी नारायणपेठ, आणि ती त्यांच्याकडे कधी, कुणाकडून आली तेही. हे शेवटचं तुम्हाला त्यांनाच विचारावं लागेल. साडी रफूला द्यायच्या आधीच विचारून ठेवा.

तुमची ताई